ठिपकीचं बाळंतपण

ठिपकीला नकार आला त्या दिवशी पट्टीकाका जेवले नाहीत. ताट वाढून घेतलं, त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि "भूक नाही" म्हणून उठले.

"अहो, झालं काय?" काकूंनी विचारलं.

"आपल्या मुलीला नको म्हणाला तो."

काकूंच्या हातातला डाव हातातच राहिला. मुलगी तर केव्हाच लग्न होऊन आपल्या संसाराला लागलेली. जावई शोधून सापडणार नाही असा. मग ही नकार आलेली मुलगी कोण? उलगडा व्हायला त्यांना जरा वेळ लागला, कारण काकूंच्या लेखी ठिपकी ही मुलगी नव्हती. ती पाल होती.

"पाल नव्हे, गेको," पट्टीकाका दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "पालीला पापण्या नसतात. हिला आहेत. डोळे मिटून झोपते, माणसासारखी."

"पापण्या असल्या तरी पालच," काकू म्हणाल्या आणि त्यांनी ताट झाकून ठेवलं.

खरं तर ही पाल लेकीची. लेक आणि जावई नोकरीच्या कामासाठी काही महिने दूरच्या शहरात गेले तेव्हा जाताना काचेची पेटी, तिच्या बुडाशी लावायची उबेची गादी, रातकिड्यांचा डबा आणि पांढऱ्या भुकटीची बाटली असा सगळा आहेर बाबांच्या टेबलावर मांडून गेले. पट्टीकाकांचा जन्म नगररचनेच्या कचेरीत नकाशे काढण्यात गेला होता. दुसऱ्याच्या घरी गेले तरी भिंतीवरचं तिरकं कॅलेंडर सरळ केल्याशिवाय ते चहाचा कप हातात घेत नसत. पट्टी हे नाव त्यांना तिथूनच चिकटलेलं. आणि अशा माणसाच्या टेबलावर येऊन बसली ती ठिपकी! पिवळ्या अंगावर काळे ठिपके, इथपर्यंत छान. पण शेपूट मध्येच वळलेली, जणू ऐनवेळी रस्ता चुकल्याचं तिच्या लक्षात आलं असावं. पाठीला कंबरेपाशी उंचवटा. आणि खालचा जबडा डावीकडे सरकलेला, त्यामुळे चेहऱ्यावर कायम एक छद्मी हसू. दुकानात ती मागच्या कोपऱ्यात, विकायची नाही म्हणून ठेवलेली होती. लेकीने नेमकी तीच उचलली.

जबडा असा, म्हणून शिकार तोंडात धरली तरी निसटायची. चिमट्यात रातकिडा धरायचा, तो कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचा आणि तिच्या तोंडाच्या उजव्या बाजूने हळूच आत सरकवायचा, असं काम होतं. पहिले काही दिवस काकांनी ते सरकारी काम केल्यासारखं केलं. मग एकदा घास गिळून झाल्यावर ठिपकीने जीभ काढून स्वतःचा डोळा पुसला, काकांच्या बोटावर हनुवटी टेकली आणि पापण्या मिटल्या. त्यानंतर काका कचेरीतून अर्ध्या तासाने लवकर घरी येऊ लागले. रातकिडे डब्यातून सुटून स्वयंपाकघरात गात, काकू झाडू घेऊन गाण्याचा माग काढत, आणि काका ओरडत, "मारू नकोस, तिचं जेवण आहे ते!"

आता नकाराचं. दोन गल्ल्या पलीकडे एक दंतवैद्य होते. काका त्यांच्याकडे दाढ भरायला गेले. तोंड उघडं, गालात कापसाचे बोळे, आणि वर दंतवैद्य गप्पा मारतायत. सगळे दंतवैद्य असेच. उत्तर देता येणार नाही अशी सोय केल्यावरच प्रश्न विचारतात. बोलता बोलता कळलं की त्यांच्याकडेही गेको आहे, नर, उत्तम घराण्यातला, आणि त्यांना त्याच्यासाठी जोडी हवी आहे. काकांनी छताकडे बघत "ऑं आहे" असा काहीसा आवाज काढला. त्याचा अर्थ 'आमच्याकडेही आहे' एवढाच होता. दंतवैद्यांनी त्याचा अर्थ 'येऊन बघा' असा घेतला आणि रविवारी सकाळी हजर झाले.

काकांच्या मनात ठिपकीला पिल्लं व्हावीत असं काहीही नव्हतं. पण पाहुणे येणार म्हटल्यावर त्यांनी पेटीची काच पुसली, वाळू सारखी केली, ठिपकीला सकाळीच खाऊ घातलं. दंतवैद्य कपाळाला दिवा लावूनच आले होते. त्यांनी ठिपकीला तळहातावर घेतलं, आणि इतर कुणी शेपटी पाहिली असती तिथे त्यांनी थेट तोंड पाहिलं.

"जबड्यात दोष आहे," ते म्हणाले. मग पाठीवरून बोट फिरवलं. "कण्यातही आहे. माफ करा काका, पण असली पिल्लं झाली तर मी काय करू? सदोष जनावराची जोडी लावू नये."

बोलणं साधं होतं, आवाज सभ्य होता. चहासुद्धा संपवून गेले; स्वयंपाकघरातल्या काकूंना यातलं काही ऐकूही आलं नाही. पण 'दोष' हा शब्द त्या घरात फार वर्षांनी आला होता. लेकीचा डावा पाय जन्मापासून आखूड. खुब्याचा सांधाच नीट बसलेला नव्हता. तिच्या लहानपणी हा शब्द नातेवाईक कुजबुजत म्हणायचे, डॉक्टर मोठ्याने म्हणायचे, आणि पट्टीकाका दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघायचे. आज ते बघायला खिडकी शोधत होते तेवढ्यात दंतवैद्य निघूनही गेले.

"नको म्हणाला तर नको," काकू म्हणाल्या. "आपल्याला कुठे हवी होती पिल्लं?"

"प्रश्न पिल्लांचा नाही. प्रश्न तो कोण नको म्हणणारा, हा आहे."

आणि इथून पुढे जे झालं ते केवळ या एका वाक्यामुळे झालं. दंतवैद्याच्या नाकावर टिच्चून ठिपकीला त्याच्याहून चांगली जोडी मिळवायची, असं काकांनी मनावर घेतलं. फोनवर गेको पाळणाऱ्यांचा एक ग्रुप सापडला. त्यात टाकायला फोटो हवा. काकांनी ठिपकीला उजव्या बाजूने बसवलं. शेपटीचा वळलेला भाग दगडामागे, उंचवट्यावर पानाची सावली. फोटो असा आला की काकू बघून म्हणाल्या, "ही कोण?"

बातमी इमारतीत पसरलीच. सोसायटीचे चिटणीस तळमजल्यावर राहत आणि सल्ला हा आपला मूलभूत हक्क समजत. ते वर आले, पेटीपुढे खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "शेपटीला रोज तेल लावून ओढा. माझ्या मेहुण्याची मान अशीच सरळ झाली." जाता जाता त्यांना नियम आठवला. पाळीव प्राण्याची नोंद केली आहे का? नाही? मग करा. पण नोंदीच्या कागदावर कुत्रा, मांजर, पक्षी आणि मासा एवढेच रकाने होते. काका म्हणाले, यातलं एकही नाही. चिटणीस म्हणाले, मग ती नाहीच. काका म्हणाले, आहे, ही काय समोर बसली आहे! शेवटी काचेच्या पेटीत राहते या मुद्द्यावर ठिपकीची नोंद मासा म्हणून झाली, आणि पाण्याची गळती होऊन खालच्या घराचं छत खराब झाल्यास जबाबदारी माझी, असं काकांनी सहीनिशी मान्य केलं. पेटीत पाण्याची एक वाटी होती.

ग्रुपवरच्या एका गृहस्थांनी फोटो पाहून होकार कळवला. अट एकच, जनावर निरोगी असल्याचा डॉक्टरांचा दाखला हवा. काका खुशीत आले. त्यांनी एका डब्याला भोकं पाडली, आत ओलसर रुमाल घातला, डबा शालीत गुंडाळला आणि बसने जनावरांच्या दवाखान्यात निघाले. तिथे एक दांडगा कुत्रा त्यांच्या शेजारी येऊन बसला. मालकाने विचारलं, "तुमचं काय?" काका अभिमानाने म्हणाले, "मासा." सवय लागली होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी ठिपकीला उलटं करून पोट बघितलं, एक्स-रे काढला, तो दिव्यावर धरला आणि म्हणाल्या, "काका, हिच्या पोटात अंडी आहेत. दोन."

पट्टीकाका उभे राहिले. "शक्यच नाही!"

"हे बघा ना, दिसतायत."

"अहो, ती घराबाहेर पडलेली नाही! दंतवैद्य आले होते तेही एकटेच!"

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं. मग त्यांनी समजावलं, की कोंबडी जशी कोंबड्याशिवाय अंडी घालते तशीच हीसुद्धा घालते. या अंड्यांतून पिल्लं व्हायची नाहीत. काकांच्या जिवात जीव आला, घराण्याची अब्रू शाबूत होती. पण बाईंचं बोट एक्स-रेवर पुढे सरकलं होतं.

"हाडाची ही कमान बघा. अंडं इथून बाहेर येतं. हिची कमान कण्याबरोबर वाकली आहे. जागा फार अरुंद आहे."

"म्हणजे?"

"अंडी अडकू शकतात."

काकांनी ती वाकडी कमान बराच वेळ न्याहाळली. आयुष्यभर त्यांनी नकाशे वाचले होते. हा नकाशा त्यांना लगेच कळला. तरी त्यांनी खिशातला प्रश्न काढून विचारलाच. "बाई, हिचं हे वाकडेपण रक्तातलं आहे का? पुढे पिल्लांत येईल?"

"सांगता येत नाही. अंड्यात असताना ऊब कमीजास्त झाली तरी शेपूट वाकते. लहानपणी कॅल्शियम कमी पडलं तरी हाडं अशी होतात. आणि रक्तातूनही येतं."

"म्हणजे पिल्लं सरळ होऊ शकतील."

"होतीलही. पण काका, पिल्लांचं नंतर. अंडी हिलाच घालायची आहेत ना? जोडी लावली की पुन्हा पुन्हा घालावी लागतील. हिला झेपणार नाही." त्यांनी ठिपकीला परत डब्यात ठेवलं. "दाखला मी देणार नाही. आत्ता तिला उबेत ठेवा, ओल्या शेवाळाची पेटी द्या, आणि लक्ष ठेवा. जोर करूनही अंडं आलं नाही, तर थांबू नका, घेऊन या."

घरी येताना काकांना बसमध्ये जागा मिळाली तरी ते उभे राहिले. बसून डबा मांडीवर घेतला तर हादरे बसतात, उभं राहून छातीशी धरला तर कमी बसतात, असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज दिला. कारण काय लिहावं? पाल आजारी, असं लिहिलं तर साहेब आपल्यालाच डॉक्टरकडे पाठवतील. खोटं लिहिणं तर रक्तात नाही. बराच विचार करून त्यांनी लिहिलं: 'घरी बाळंतपण अपेक्षित असल्याने.' साहेबांनी अर्ज वाचला, खुर्चीतून उठून काकांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आजोबा होणार! अहो, बोलला नाहीत ते!" काका खुलासा करणार तेवढ्यात साहेबांनी सही केली, आणि झालेल्या सहीवर खुलासा करायची कचेरीत पद्धत नव्हती. दुपारपर्यंत बातमी सगळ्या विभागांत गेली आणि तिथून इमारतीतही पोचली. संध्याकाळी चिटणीसांनी जिन्यात काकूंना गाठून अभिनंदन केलं आणि नातवाच्या पायांना तेल लावायला सांगितलं. काकूंच्या बहिणीला कळलं, बहिणीने थेट भाचीला फोन केला.

सकाळी काका पेटीपुढे स्टूल टाकून बसले होते, तोच लेकीचा फोन आला.

"बाबा, मला दिवस गेलेत म्हणे. मावशी सांगत होती."

काकांनी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. दाढ, नकार, मासा, एक्स-रे, अर्ज. लेक तिकडे हसून हसून खोकायला लागली. मग हसणं एकदम थांबलं.

"फोन कटला का गं?"

"नाही. बाबा, त्या ग्रुपवर मीपण आहे. ठिपकीचा फोटो पाहिला मी. चांगल्या बाजूने काढलात."

काकांनी पेटीची काच उगाच पुसली.

"माझेही असेच काढायचात. कायम बसलेली."

"तुला उभं राहून त्रास व्हायचा म्हणून," काका म्हणाले. मग म्हणाले, "थोडं तसंही होतं."

"मी रागावले नाहीये. एक सांगायचं होतं. आम्ही दोघं पुष्कळ दिवस हाच विचार करतोय, मूल होऊ द्यावं का. माझ्या खुब्याचं आजीकडून आलंय असं डॉक्टर म्हणतात. पुढे जाईल, नाहीही जाणार."

पट्टीकाकांच्या तोंडात सल्ला तयारच होता. अगं त्यात काय एवढं, तू काय वाईट झालीस का, आम्ही नाही का... एवढं सगळं जिभेच्या टोकावर आलं. समोर पेटीत ठिपकी ओल्या शेवाळात खड्डा उकरत होती. उकरता उकरता थांबत होती, पोट जमिनीला टेकत होती, पुन्हा उकरत होती. काकांनी सल्ला गिळला.

"तो दंतवैद्य नको म्हणाला तेव्हा मला वाटलं, आपली ठिपकीच नको म्हणाला," ते म्हणाले.

"मला माहीत आहे तुम्हाला काय वाटलं ते. पण ती वेगळी गोष्ट आहे बाबा. ठिपकी मला हवी आहे, अगदी अशीच. तिची जोडी मात्र मी कधी लावली नसती. तिला विचारता येत नाही ना, की तुला हे सोसायचंय का. मला विचारता येतं. माझं मी बोलेन."

"मग काय ठरवलंत?"

"अजून काही नाही. तुम्ही विचारत राहा. सल्ला तेवढा देऊ नका."

"नाही देत," काका म्हणाले, आणि हे वचन त्यांना आयुष्यातल्या कुठल्याही वचनापेक्षा जड गेलं.

दुपारी ठिपकीने पहिलं अंडं घातलं. पांढरं, लांबट, मऊ. काकू तोपर्यंत स्वयंपाकघराच्या दारातून पुढे सरकल्या नव्हत्या; त्या आता काकांच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. "बाई गं," एवढंच म्हणाल्या. पण दुसरं येईना. ठिपकी जोर करायची, मागचे पाय ताणायची, आणि डोकं टेकवून पडायची. थोड्या वेळाने तिने जोर करणंही सोडलं. काकांनी चिमटा पुढे केला तर तोंड वळवलं. काकू म्हणाल्या, "अहो, बघत काय बसलात? उठा!"

खाली रिक्षा नव्हती. बसची वाट बघायला वेळ नव्हता. काका शालीत डबा घेऊन रस्त्याच्या कडेला उभे होते, पायात दोन वेगवेगळ्या चपला, तेव्हा एक गाडी थांबली. आत दंतवैद्य होते. काकांचा स्वाभिमान क्षणभर आडवा आला. काकूंनी त्याला आणि काकांना एकदमच गाडीत ढकललं.

"काय झालं?" दंतवैद्यांनी विचारलं.

"अंडं अडकलंय."

पुढे त्यांनी एक शब्द विचारला नाही. गाडीतला थंड हवेचा झोत बंद केला, खिडक्या लावल्या, आणि सगळे घामाने निथळत दवाखान्यात पोचले. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, कोमट पाण्यात धरलं, वाट पाहिली. अंडं हललं नाही. मग बारीक सुईने अंड्यातलं पाणी काढून ते मऊ करून बाहेर घ्यायचं ठरलं. दिवा नीट पडेना. दंतवैद्यांनी न बोलता खिशातून आपला कपाळाचा दिवा काढून लावला आणि वाकून उभे राहिले. एवढीशी जागा, एवढासा जीव; त्या दोघांची डोकी एकमेकांना टेकली होती. पट्टीकाका भिंतीकडे तोंड करून उभे होते. भिंतीवरचा तक्ता तिरका होता. त्यांना तो दिसलाही नाही.

"आलं," बाई म्हणाल्या.

ठिपकी तळहातावर पडून होती, पोट आत गेलेलं. मग तिने पापण्या उघडल्या, जीभ काढली आणि एक डोळा पुसला. काका म्हणाले, "दमली असेल," आणि रुमाल काढून स्वतःचे डोळे पुसले. दंतवैद्य दिवा विझवायचा विसरून तसेच उभे राहिले. बोलायला वळले तेव्हा काकांच्या तोंडावर झोत पडला.

"काका, त्या दिवशी मी जरा... शब्द..."

"तुमचं म्हणणं बरोबर होतं," काका डोळे किलकिले करत म्हणाले. "जोडी लावायची नव्हतीच. शब्द मात्र चुकला. आणि तो दिवा बंद करा."

जोडीचा विषय तिथेच मिटला. ग्रुपवरच्या गृहस्थांना काकांनी नकार कळवला आणि सोबत ठिपकीचा नवा फोटो पाठवला: डावीकडून, शेपटीसकट, भर उजेडात. अंडी पुन्हा होतील, तेव्हा पुन्हा जपावं लागेल, असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. काकूंनी शेवाळाची पेटी आपणहून धुऊन वाळत घातली. अजूनही त्या तिला पाल म्हणत, पण 'आमची' हा शब्द आधी लावत. कचेरीत मात्र काकांना पुष्कळ दिवस 'बाळ कसं आहे' विचारलं जाई, आणि ते 'आईची तब्येत सुधारतेय' असं खरं तेच उत्तर देत.

काही महिन्यांनी लेक आणि जावई परत आले. सगळे जेवायला बसले असताना लेकीने सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की त्यांचं ठरलं आहे. मूल हवं आहे. तिच्या वेळी उशिरा कळलं होतं. आता जन्मल्याबरोबर बाळाचा खुबा तपासतात, आणि लवकर कळलं तर बहुतेकदा नुसता पट्टा बांधून सांधा बसतो. "नाहीच बसला," ती म्हणाली, "तर मला चालता येतंच की. त्यालाही शिकवीन." पट्टीकाकांना यावर पुष्कळ बोलायचं होतं. किमान चार सूचना तर तातडीच्या होत्या. त्यांनी काकूंकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "भाजी घे ना अजून."

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. लेकीने उठून दार उघडलं. दारात दंतवैद्य होते. हातात भोकं पाडलेला छोटा डबा, आणि चेहरा असा की जणू त्यांचीच दाढ काढायची आहे.

"काका, माझ्या नराची जोडी जमली होती. मादी नामांकित घराण्यातली, दोन्हीकडे सगळं तपासून घेतलं होतं. पिल्लं छान झाली. एक सोडून." त्यांनी झाकण किंचित उचललं. आत बोटाच्या पेराएवढा जीव होता; पाठ वळलेली, मागचा एक पाय नुसताच ओढलेला. "ही जोडी मी आता परत लावणार नाही. पण हा... लोक म्हणतात, टाकून द्या. मला जमेना. मला याला भरवताही येत नाही, माझा हात कापतो. म्हणजे, इतरांच्या तोंडात कापत नाही, याच्याच."

पट्टीकाका हात न धुताच दारापाशी आले. त्यांनी डब्यात वाकून पाहिलं.

"खातो का?"

"हो. कुणी धरून दिलं तर खातो."

"मग दारात काय उभे राहिलात?" काका म्हणाले. "आत या. डब्याला वारा लागतोय."